काडेपेटी शाळेतली आग

१

तुळई पडली होती, आणि अर्ध्या गावाला आतून बरं वाटत होतं.

तोंडाने तसं कुणी म्हणत नव्हतं, एवढी लाज अजून शिल्लक होती. पण विमा कंपनीची सर्व्हेअर गाडीतून उतरली तेव्हा फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर 'आम्ही सांगितलं नव्हतं का?' हे इतकं ठळक दिसत होतं, की तिने कुणाला साधा नमस्कारही केला नाही. कंपनीत तिला पाठीमागे 'करवत' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. ज्यांच्याशी गोड बोलायचं ती माणसं तिच्या धंद्यात तिला कधी भेटलीच नव्हती.

"या, या, बघून घ्या काडेपेटी!" ठेकेदार पुढे झाला. पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. "लाकडाची शाळा म्हणे! आमच्या सिमेंटला नावं ठेवत होते. आता पोरांना यात बसवणार? उद्या पालकांची सभा आहे, बाई. उद्या ही पाडायचं ठरतं की नाही ते बघाच."

"तुमच्या सिमेंटची शाळा कुठे आहे?" करवतने विचारलं.

ठेकेदाराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फाटकापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याने बांधलेल्या शाळेला भेगा पडून ती पाडावी लागली होती, आणि तेव्हापासून पोरं रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाजत बसत होती, हे करवत कागदपत्रांत वाचून आली होती.

दाराशी आग विझवायची लाल नळकांडी ओळीने मांडलेली होती, आणि आत जळक्याचा वास अजून होता. उंच दालन, जाड खांब, आणि तिन्ही बाजूंनी सज्जा. सज्जा कसला, आठ-दहा पायऱ्या चढून पोरांनी पुस्तक घेऊन बसावं असा डोक्याच्या उंचीचा कट्टाच. कोपऱ्यातल्या खांबाजवळ त्या सज्ज्याची तुळई एका टोकाने खाली आली होती. याच टोकाखाली राखणदार तात्या सापडले होते. गेल्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. ते अजून दवाखान्यात बेशुद्ध होते.

"कारण ठरलेलंच आहे," फौजदार जांभई देत म्हणाला. "पॉलिशवालीने तेलाची फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकली. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली की आपोआप पेटतात, हे तीच सगळ्यांना सांगत फिरायची. आता बघा. स्वतःच्या सासऱ्यालाच जाळून बसली. तुमचा अहवाल आला की उचलतो तिला."

"सासरा?"

"तात्या तिचा सासराच की! तीच तर मजा आहे यात!"

करवतने त्याच्याकडे असं पाहिलं की जांभई अर्ध्यावर राहिली. मग ती खाली बसली, खिशातला चाकू काढला आणि पडलेल्या तुळईचा काळा भाग खरवडला. नखभर कोळसा निघाला, आणि त्याखाली लाकूड पिवळंधमक, कालच रंधा मारल्यासारखं.

तिने मान वर करून खांबाकडे पाहिलं. तुळईला खांबाशी धरणारी लोखंडी पट्टी ताठ नव्हती. ती वाकून, खाली लोंबत होती.

"फौजदारसाहेब," ती म्हणाली, "लाकूड तर शाबूत आहे. मग तुळई पडली कशाने?"

२

पॉलिशवाली दवाखान्याच्या आत नव्हती. तिला आत येऊ देत नव्हते. ती फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसली होती, आणि दारात तिचा नवरा उभा होता. बाप आत मरणाच्या दारात, आणि बायको बाहेर, अशा जागी उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत जे असतं ते त्याच्या डोळ्यांत होतं. पण जीभ मात्र त्याहून वाईट होती.

"तिच्याशी काय बोलायचं ते बाहेर बोला," तो करवतवर खेकसला. "माझ्या घरात ती पाऊल टाकणार नाही. पोरगी माझ्याकडे राहील. खुनी बाईच्या हातात देऊ काय तिला?"

"ठरलं वाटतं खुनी? कुणी ठरवलं?"

"सगळ्यांनी!"

"अरे वा. मग मला कशाला बोलावलं?"

पॉलिशवालीने मान वर केली नाही. तेलाने पिवळट झालेली बोटं एकमेकांत अडकवून ती बसली होती. चार वर्षांची पोरगी दवाखान्याच्या व्हरांड्यातून आईकडे टक लावून बघत होती, आणि बापाने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ताई, मला जेलची भीती नाही," ती शेवटी म्हणाली. "पण ती मोठी होऊन हेच ऐकेल ना, की आईने आजोबांना जाळलं? कुणी ना कुणी सांगेलच तिला."

"फडकी तू गोळा करून टाकलीस?"

"नाही!" आता ती उसळली. "मी वेडी आहे का? एकेक फडकं ताणून तारेवर वाळत घालते मी. बाहेर, उन्हात. आदल्या दिवशीसुद्धा घातली. या उन्हात एका दिवसात कडकडीत होतात, उभी ठेवली तर उभी राहतील. मग पेटायची भीतीच नाही. सगळ्या साईटला मीच शिकवलंय हे. सुताराला, मजुरांना, इंजिनियरला, शाळेच्या मोठ्या बाईंना, सासऱ्यांना. आणि आता सगळे म्हणतात की तार रिकामी होती, म्हणजे तू वाळत घातलीच नाहीस."

"तार कुठे आहे?"

"मागच्या भिंतीला. ताई, तुम्ही तरी..."

"मी तुझ्या बाजूची नाही," करवत उठत म्हणाली. "मी कुणाच्याच बाजूची नाही. रडू नको, त्याने माझं काम सोपं होत नाही."

कडू बोलली खरी. पण गाडीत बसताना तिने एकदा मागे वळून त्या पोरीच्या मनगटाकडे पाहिलं आणि दार जरा जोरातच आपटलं.

३

इंजिनियर तिला शाळेच्या मागच्या अंगणात भेटला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, आणि डोक्यात राग असा की बोलताना थुंकी उडत होती.

"लिहा ना, लाकूड जळालं म्हणून लिहा! तेवढंच ऐकायचंय सगळ्यांना. ही झाडं वरच्या डोंगरावर मुद्दाम वाढवलेली आहेत, मॅडम. एक तोडलं की तिथेच नवी लावतात, म्हणजे डोंगर कधी बोडका होत नाही. झाडाने जन्मभर हवेतला कार्बन ओढून घेतला तो आता या खांबांत बंद आहे. आणि सिमेंटची भट्टी? ती धूर ओकत बसते. पण नाही, आमची काडेपेटी!"

"भाषण सभेत करा. जाड लाकूड पेटलं तर काय होतं?"

"तेच होतं जे झालंय. वरचा थर कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्याला राखतो. मी महिन्यापूर्वी पालकांसमोर दाखवलं होतं. हा एवढा ठोकळा शेगडीत ठेवला, बराच वेळ जळू दिला, मग चिरून आतलं लाकूड दाखवलं. आले किती? सात-आठ जण. ठेकेदार शेरे मारायला आला होता. एकट्या मोठ्या बाईंनी तो ठोकळा हातात घेतला. पोरांना दाखवायचा म्हणून घरी घेऊन गेल्या."

"मग ही तुळई का पडली?"

इंजिनियर हळू आवाजात, जणू स्वतःलाच शिव्या घालत, म्हणाला, "पट्टीमुळे. लोखंड तापलं की मऊ पडतं. म्हणून ती पट्टी लाकडाच्या आत झाकायची असते. सगळीकडची झाकून झाली होती. तो एकच कोपरा उघडा होता. तिथे मी कुणाला विडीसुद्धा ओढू देत नव्हतो. सगळी शाळा सोडून आग नेमकी तिथेच लागावी?"

करवत सुतारांच्या कामाच्या जागेकडे बघत होती. लाकूडकाम चाललंय आणि भुशाचा ढीग नाही? सज्ज्याच्या आतून लावायच्या पातळ फळ्या येऊन पडल्याचं कागदांत होतं. त्याही दिसत नव्हत्या.

"फळ्या कुठे गेल्या?"

"चोरल्या असतील त्या ठेकेदाराने."

चोरल्या नव्हत्या. रस्ता ओलांडून पत्र्याच्या शाळेला वळसा घातला तर मागे ताडपत्रीखाली सगळं नीट रचून ठेवलेलं सापडलं. फळ्या, भुशाची पोती, रंगाचे डबे. चोर इतकं नीट रचत नाही.

परत येऊन करवतने कोपऱ्यातला जळका ढीग उपसला. खाली लाकडाचे तुकडे होते, जळून गेलेले. वर फडक्यांचा बोळा, बाहेरून काळाठिक्कर. तिने तो हळूहळू उलगडला. आतलं शेवटचं फडकं जळलंच नव्हतं. ते पुठ्ठ्यासारखं कडक होतं, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक सरळ, बारीक घडी पडलेली होती.

ती मागच्या भिंतीकडे गेली, फडकं तारेवर टाकलं. घडी तारेवर चपखल बसली.

"आपोआप पेटली असती तर आतून पेटली असती," ती इंजिनियरला म्हणाली. "आणि वाळलेलं फडकं आपोआप पेटतच नाही. ही आग कुणीतरी हाताने लावलीय."

४

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पत्र्याच्या शेडमध्ये त्या चौथीच्या वर्गाला गुणाकार शिकवत होत्या, आणि पोरं वहीने वारा घालत बसली होती. एक पोरगी भिंतीला डोकं टेकून पेंगत होती. आत पाऊल टाकताच करवतच्या पाठीवर घामाची धार लागली.

"असं आहे आमचं," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. साडीचा पदर खोचलेला, केस पांढरे, पाठ ताठ. गावात यांच्यासमोर ठेकेदारसुद्धा आवाज चढवत नव्हता म्हणे. "उन्हाळ्यात दोन-तीन पोरं चक्कर येऊन पडतातच. सिमेंटची बांधायची तर परत तोच ठेकेदार. म्हणून मी लाकडाच्या मागे लागले. डोंगरावरच्या माणसांच्या पाया पडले, सरकारच्या दारात बसले. लोक हसले मला. हसू देत."

"आग लागली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"इथेच. पेपर तपासत होते. सुट्टीच्या दिवशी इथे जरा शांतता असते. दार उघडं टाकून बसले होते, नाहीतर जीव जातो. धूर दिसला तशी धावले. मीच आरडाओरडा केला, विचारा कुणालाही."

"विचारलं. सगळे तेच सांगतात. पॉलिशवालीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

बाईंनी क्षणभर नजर वळवली. "कष्टाळू आहे. चूक कुणाकडूनही होते. तिला शिक्षा होऊ नये असं मला मनापासून वाटतं. अपघात म्हणून लिहा ना तुम्ही. कुणाचं वाईट नको व्हायला."

"तिचं झालंय आधीच. घराबाहेर काढलंय, पोरगी काढून घेतलीय."

"समजावीन मी तिच्या नवऱ्याला. माझ्याच हाताखाली शिकलाय तो."

"आठवडा झाला. अजून समजावलं नाहीत?"

बाईंचा चेहरा घट्ट झाला. "तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का? या गावात मला कुणी असं विचारलेलं नाही."

"म्हणूनच मी विचारते."

तेवढ्यात इंजिनियर रस्ता ओलांडून पळत आला. शेडच्या दाराशी येऊन त्याने श्वास घेतला आणि एकाच वाक्यात सांगितलं, तात्या गेले.

आत पोरांचा गोंगाट चालूच होता. मोठ्या बाईंनी दाराची चौकट धरली.

"शुद्धीवर आले होते का?" त्यांनी विचारलं. "काही बोलले?"

करवतने मरणाच्या बातम्या पुष्कळ सांगितल्या होत्या. माणसं 'कधी' विचारतात, 'कसं' विचारतात, नाहीतर नुसती रडतात. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

५

ठेकेदार त्याच्या गोदामात वाळूच्या ढिगावर उभा राहून मजुरांना शिव्या घालत होता. करवतला पाहताच त्याने तीच गाडी तिच्याकडे वळवली.

"आलात? मला माहीतच होतं! आता तात्या मेला म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. मी भर चौकात म्हटलं होतं, काडी लावतो या शाळेला. म्हटलं होतं! पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं, बाई!"

"तुम्ही लावलेली नाही."

ठेकेदाराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भांडायला कंबर कसून बसलेल्या माणसाशी कुणी भांडलंच नाही की त्याची अशीच पंचाईत होते.

"तुम्हाला शाळा जाळायची असती तर तुम्ही भुसा पेटवला असता, पातळ फळ्या पेटवल्या असत्या," करवत म्हणाली. "सगळी शाळा भडकली असती. इथे उलटं झालंय. जे पटकन पेटेल ते सगळं कुणीतरी आधीच बाहेर काढून ठेवलं. आग विझवायची लाल नळकांडी दाराशी ओळीने लावून ठेवली. आणि मग जाड खांबाच्या बुडाशी बेताची आग लावली. ज्याला शाळा जाळायची आहे तो असं करत नाही. ज्याला ती जळत नाही हे दाखवायचंय तो करतो."

"म्हणजे... त्यांच्यातलाच कुणीतरी?" ठेकेदार वाळूवरून घसरतच खाली आला. "तो इंजिनियर! मी म्हटलंच होतं!"

"काही म्हटलं नव्हतं तुम्ही. इंजिनियरला ती उघडी पट्टी ठाऊक होती. तो सगळी शाळा पेटवेल, पण तो कोपरा सोडून. आता माझ्यावर ओरडू नका आणि एक सांगा. सुट्टीच्या दिवशी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"घरी."

"खोटं."

"घरी होतो म्हणतो ना!"

"तुमचा टेम्पो शाळेच्या रस्त्यावर होता. चहावाल्याने सांगितलं मला. बोलायचं नसेल तर नका बोलू. मग फौजदार विचारेल, आणि त्याला माझ्याइतकी अक्कल नाही."

ठेकेदाराने इकडेतिकडे पाहिलं, मजुरांना हाकललं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"होतो तिथे. जुन्या शाळेच्या सळया अजून पडल्यात माझ्या, त्या बघायला गेलो होतो. पण हे बोललो असतो तर लोकांनी मला तिथेच उभा जाळला असता. मी मूग गिळून गप्प बसलो. तात्याला पाहिलं मी. पत्र्याच्या शाळेच्या पायरीवर बसला होता, उन्हात, घाम पुसत. म्हटलं, तात्या, राखण सोडून इथे काय? तर कावला माझ्यावर. म्हणे, मोठ्या बाईंनी बाक हलवायला बोलावलंय आणि स्वतःचाच पत्ता नाही, दाराला कुलूप."

"कुलूप? नक्की?"

"हे एवढं मोठं! मी हसलो त्याला. तेवढ्यात धूर दिसला. धूर मागून येत होता, तो पळाला नव्या शाळेच्या मागच्या दाराने आत. मी..." तो थांबला. "मी टेम्पो काढला आणि निघालो. लोक म्हणतील याने लावली, म्हणून. तो आत पळाला, बाई, आणि मी निघून गेलो."

करवतने त्याला काहीच ऐकवलं नाही. त्याचं त्याला पुरेसं झालं होतं.

"उद्या सभेत हे बोलाल?"

"मोठ्या बाईंच्या विरुद्ध? गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

"तसंही घालतंच आहे," करवत म्हणाली.

६

सभा पत्र्याच्या शेडमध्येच भरली, कारण दुसरी जागाच नव्हती. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, उरलेली भिंतीला टेकून. पॉलिशवाली दारात उभी होती आणि तिच्या आसपास कुणी उभं राहत नव्हतं. नवरा पुढच्या बाकावर, मांडीवर पोरगी. बापाचं सगळं आटोपून तो तसाच आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"अहवाल वाचा आणि संपवा!" मागून कुणीतरी ओरडलं. "शाळा पाडायची की नाही?"

करवत टेबलाशी उभी राहिली. आधी तिने जळक्या तुळईचा चिरलेला तुकडा वर धरला. मग वाकलेली पट्टी. मग कडक झालेलं फडकं. तीनच वस्तू, आणि प्रत्येकीपाशी ती जे बोलली त्याने शेडमधली कुजबुज थोडी थोडी कमी होत गेली. लाकूड पडलं नाही, लोखंड वाकलं. फडकी ओली नव्हती, तारेवरची वाळलेली होती. आग आपोआप लागली नाही, पॉलिशवालीमुळे लागली नाही, आणि शाळेच्या वैऱ्यानेही लावली नाही.

"ज्याने लावली त्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या," ती म्हणाली. "एक, जाड लाकूड जळून पडत नाही. दोन, तेलाची फडकी आपोआप पेटतात, म्हणजे कुणी विचारणार नाही. दोन्ही गोष्टी ऐकून शिकलेल्या, आणि दोन्ही अर्ध्याच शिकलेल्या. लाकूड पडत नाही, पण त्याला धरणारं उघडं लोखंड वाकतं, हे ठाऊक नव्हतं. ओली फडकी पेटतात, वाळलेली नाहीत, हेही ठाऊक नव्हतं. सुताराला हे कळतं, इंजिनियरला कळतं, पॉलिशवालीला तर कळतंच. म्हणजे या धंद्याबाहेरचं, पण या शाळेवर जीव असलेलं माणूस. तात्यांना त्या वेळी तिथून हलवणारं माणूस. आणि तात्या ज्या दाराशी थांबले होते त्याच दारामागे आपण बसलो होतो, असं मला सांगणारं माणूस. त्या दाराला बाहेरून कुलूप होतं."

"कोण म्हणतं कुलूप होतं?" पुढून एका पालकाचा आवाज आला.

ठेकेदार भिंतीपासून दूर झाला.

"मी म्हणतो," तो म्हणाला. "मी तिथे होतो. घाला शिव्या."

आणि शिव्या आल्याच. चारी बाजूंनी. विकला गेलास, खोटारड्या, तूच लावलीस. एक जण बाकावरून उठून त्याच्या अंगावर धावला. इंजिनियरने त्याला धरलं. या सगळ्या गदारोळात मोठ्या बाई उभ्या राहिल्या, आणि सवयीने सगळे गप्प झाले. अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं होतं.

"तो खरं बोलतोय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ऐकत नव्हता," त्यांचा आवाज आधी ताठ होता. "महिनोन् महिने सांगितलं. ठोकळा जाळून दाखवला, तरी तुम्ही काडेपेटीच म्हणत राहिलात. माझी पोरं इथे चक्कर येऊन पडत होती. मी म्हटलं, एकदा खरी आग लागू दे. खांब काळा पडेल, लोक जमतील, मी आग विझवीन, आणि सगळ्यांना दिसेल की शाळा उभी आहे. कुणाचं नाव येऊ नये म्हणून फडकी टाकली. फडक्यांना दोष देतील, माणसाला कोण देतंय, असं वाटलं. तात्यांना मी लांब पाठवलं होतं. मी पुढच्या दाराशी होते. ते मागून आत गेले ते मला दिसलंच नाही. मला नुसता आवाज आला."

"आणि मग?" करवतने विचारलं. "त्यानंतरचा आठवडा?"

"मग मी बोलले असते तर शाळा गेली असती."

"म्हणून हिला बळी जाऊ दिलंत."

बाईंनी दाराकडे पाहिलं, मग माणसांतून वाट काढत पॉलिशवालीपर्यंत गेल्या. त्यांची पाठ आता ताठ नव्हती. त्यांनी तिचे दोन्ही हात धरायला हात पुढे केले.

"मला काय व्हायचं ते होऊ दे," त्या म्हणाल्या. "पण तू तरी सांग यांना. तुझं ऐकतील आता. लाकूड उभं राहिलं ना? सांग ना."

पॉलिशवालीने आपले हात मागे घेतले.

"राहिलं, बाई," ती म्हणाली. "माझे सासरे गेले."

मोठ्या बाई तिथेच, दाराच्या पायरीवर खाली बसल्या. फौजदार उठला, पण टोपी हातात घेऊन जागच्या जागीच उभा राहिला. शेवटी इंजिनियरनेच त्यांना दंडाला धरून उभं केलं आणि रडत रडत बाहेर नेलं. मागून कुणीतरी म्हणालं, मग शाळेचं काय, हात वर करा की. एकाही माणसाने हात वर केला नाही, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही.

नवरा उठला. पोरीला खाली उतरवून, तिचं बोट धरून, मान खाली घालून तो दाराशी आला.

"चल," तो पुटपुटला. "घरी चल."

पॉलिशवाली जागची हलली नाही. आठवडाभर तिच्यावर थुंकलेली माणसं तिच्याकडे बघत होती, आणि ती एकेकाकडे बघत होती.

"आधी सांग," ती म्हणाली. "पोरीसमोर सांग, आजोबा कशाने गेले."

"लोक बघतायत."

"बघू देत. तू लोकांसमोरच बोलला होतास."

खाली बघून, जेमतेम ओठ हलवून तो पोरीला म्हणाला, "आईने काही केलं नाही."

"मोठ्याने," पॉलिशवाली म्हणाली.